जाळायची झाडं

"जाळायचीच हायेत, तर लावायची कशाला?"

निलगिरीची रोपं तयार करायचं काम घेते आहे असं मी सासऱ्यांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले. त्याआधीच्या आठवडाभरात माझ्याशी ते जेवढं बोलले होते, त्याहून हे वाक्य लांब होतं. म्हणून मी आतून खूश झाले आणि वरून चिडले. चिडणं मला सोपं जातं. मी मनमाडची, रेल्वे क्वार्टरात वाढलेली. शंटिंगच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागली, ती लग्न होऊन नाशकात आले तरी सुटली नाही.

"गहू पेरता तो खायलाच ना?" मी म्हणाले. "तेव्हा नाही विचारत, खायचाच आहे तर पेरायचा कशाला म्हणून."

"गव्हाचं येगळं. हे झाड हाय," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा बाहेर तोंड फिरवलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांच्या गावात सुना सासऱ्याला मामाच म्हणतात. बाकी सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग होती. जंगली खुंटावर चांगल्या जातीची काडी बांधायची, म्हणजे कलम करायचं, तर शेजारच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. त्यांच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे, आणि मामा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मग बोटं थरथरायला लागली. कलमाचा काप सरळ येईना. त्यानंतरच्या वर्षी सासूबाई गेल्या. बाग म्हातारी झालेली, अवकाळी पाऊस ऐन मणी भरायच्या वेळेला ठरल्यासारखा यायचा, आणि एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा नवरा, अंबडच्या कारखान्यात चिकटलेला. शेवटी बाग काढली. मामांना आम्ही इंदिरानगरला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो.

तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून काय दिसतं? खाली पार्किंग, समोर दुसऱ्या बिल्डिंगची मागची भिंत, आणि त्या भिंतीवरून उतरणारे पाइप. मामा सकाळी चहा झाला की तिथे खुर्ची टाकून बसत, ते दुपारी जेवायला उठत. घराकडे पाठ, भिंतीकडे तोंड. जेवायला अर्धी भाकरी. आणखी वाढू का म्हटलं की हात आडवा. नवरा म्हणायचा, वय झालंय. मला ते पटत नव्हतं. सत्तरी म्हणजे काही वय नव्हे, आणि हाच माणूस दोन वर्षांपूर्वी पाठीवर पंप अडकवून फवारणीच्या पोरांना शिव्या घालत होता. माणसाला काम नसलं की तो वाळतो, हे माझं निदान होतं, आणि माझी निदानं सहसा चुकत नाहीत असं माझं मत होतं.

मीही त्या दिवसांत घरीच होते. केळीची रोपं बनवणाऱ्या एका टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत मी लग्नाआधीपासून काम करत होते. मालकाने बाडबिस्तरा जळगावला हलवला. केळी तिकडे, तर रोपंही तिकडेच व्हायला हवीत, त्याचं काही चुकलं नाही. त्याच उन्हाळ्यात मुलगी शिकायला पुण्याला गेली. पण मला काही झालं नव्हतं. नोकरी गेली म्हणून हातपाय गाळणाऱ्यांतली मी नाही, हे मी विचारेल त्याला सांगत होते, आणि न विचारणाऱ्यालाही सांगत होते.

काम जुन्या एका सहकाऱ्यामुळे समजलं. लाकडाचा भुसा दाबून त्याच्या कांड्या बनवणारी एक कंपनी होती. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी या कांड्या जाळतात. त्यासाठी लाकूड हवं, म्हणून कंपनी शेतकऱ्यांना मुरमाड, पडीक माळावर लावायला निलगिरीची रोपं द्यायची. झाड भराभर वाढतं, तीन-चार वर्षांत तोडता येतं, आणि तोडलं की बुंध्यातून पुन्हा फुटतं. रोपं बियांची चालत नाहीत. बी लावलं की एका आईच्या पोरांसारखं होतं, एक उंच, एक बुटकं, एक वाकडं. कंपनीला निवडलेल्या झाडांची हुबेहूब रोपं हवी होती, म्हणजे काड्यांपासून केलेली. आणि काडीला मुळ्या फोडणं हेच तर मी आयुष्यभर करत आले होते, फक्त बरणीत आणि एसीत.

कंपनीचा माणूस सरळ होता. आधी एक खेप करून दाखवा म्हणाला. पाडव्याच्या सुमाराला येतो. मुळ्या धरलेल्या दिसल्या तर पुढची काही वर्षं काम तुमचं, नाहीतर दुसऱ्या रोपवाटिकेला देऊ. नवऱ्याशी माझं ठरलं ते असं: काम मिळालं तर मामांच्या रानात रोपवाटिका चालवायची, मामांना रोज बरोबर न्यायचं. नाही मिळालं तर रान खंडाने द्यायचं. रान एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की मामांना तिकडे जायला कारणच उरणार नव्हतं. मग पुन्हा तीच खुर्ची आणि तीच भिंत, आणि त्यानंतर काय होतं ते मी दोन-तीन घरांत बघितलं होतं. म्हणून ही खेप साधायलाच हवी होती. झाडं जळोत नाहीतर तरोत, मला म्हातारा जगवायचा होता.

पहिली अडचण स्कूटीची. "सुनंच्या मागं गाडीवर बसू? दिंडोरीच्या चौकातून?" मामा म्हणाले. त्यांच्या मते एसटी काय वाईट आहे? दोन दिवस ते एसटीने आले आणि मी स्कूटीने. मी रानात पोचून अर्धं काम उरकायचे, तेव्हा ते फाट्यावरून चालत यायचे, घामाघूम. तिसऱ्या दिवशी एसटी आलीच नाही. मी मुद्दाम स्टॉपवरून गेले. मामांनी इकडेतिकडे बघितलं, टोपी काढून खिशात घातली, हेल्मेट घातलं आणि बसले. माझ्या खांद्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही हातांनी मागचा दांडा घट्ट धरला. हेल्मेटात कोण ओळखतंय, असं त्यांना वाटलं असावं. ढकांबे फाट्यावर एकजण ओरडला, "आबा, राम राम! आज ड्रायव्हर नवा?" मामांनी हेल्मेटाच्या आतून राम राम घातला.

शहर संपेपर्यंत ते गप्प असायचे. म्हसरूळ मागे पडलं, दोन्ही बाजूंनी बागा लागल्या की मागून आवाज यायचा. "ह्यानं पानं लय ठिवली." "ह्याची छाटणी उशिरा झाली, घड बारीक राहतील बघ." मला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं, पण मी हं हं करत राहायचे. आरशात त्यांचं हेल्मेट डावीकडून उजवीकडे फिरताना दिसायचं, आणि माझा सगळा दिवस चांगला जायचा.

रानात जुनी पॅकिंगची शेड होती, पाण्याचं टाकं होतं, ठिबकच्या नळ्या होत्या. हिरवी जाळी आणि प्लास्टिक घालून आम्ही बुटका बोगदा केला, आत पाण्याचं धुकं सोडायची सोय केली. कंपनीने दिलेली आईझाडं आधीच लावून गुडघ्याइतकी छाटून ठेवली होती. छाटलं की कोवळे फुटवे येतात, ते घ्यायचे. दोन-चार पानांची काडी, प्रत्येक पान अर्धं कापायचं, म्हणजे पाणी कमी उडतं. खालचं टोक मुळ्या फुटायच्या पावडरीत टेकवायचं आणि ट्रेच्या कप्प्यात, नारळाच्या भुश्यात उभं करायचं. मदतीला गावातली एक मावशी होती. मामांच्या बागेत तिने वर्षानुवर्षं काम केलेलं, त्यामुळे तिला माझा धाक शून्य आणि मामांचा थोडासा.

"वहिनी, पान कशाला अर्धं तोडायचं? त्याला काय जड होतंय?" ती विचारायची.

"तोंड अर्धं बंद ठेवलं की दम जास्त टिकतो," मी म्हणायचे. "तुला आणि मला नाही जमणार ते."

कात्री मामांच्या हातात टिकत नव्हती. पण कुठला फुटवा घ्यायचा आणि कुठला अजून दोन दिवस ठेवायचा, हे ते बोटाने दाखवायचे. ते थरथरतं बोट फुटव्याजवळ गेलं की स्थिर व्हायचं, किंवा मला तसं वाटायचं. दुपारी शेडमध्ये बसून ते भाकरी खायचे. एक पूर्ण भाकरी, वर ठेचा. मी मोजत नाही असं दाखवून मोजायचे. एकदा त्यांनी मावशीला विचारलं, मीठ हाय का गं. इतक्या महिन्यांत जेवणात काही कमी आहे असं त्यांनी म्हटलं नव्हतं. मी तिकडे तोंड करून हसले.

तरी झाडांवरचा त्यांचा राग गेला नव्हता. "ही जाळायची झाडं पाणी लय पित्यात म्हणं," असं सुरू व्हायचं. मी सांगायचे, म्हणूनच ती माळावर, विहिरीपासून लांब लावायची. मग थोड्या वेळाने: "येल कसा, लावला का पंधरा वर्षं घरचा होतो." मी म्हणायचे, मामा, तुमच्या वेलाच्या छाटलेल्या काड्या दरवर्षी चुलीतच जायच्या की नाही? यावर ते विचार करायचे आणि म्हणायचे, "ते काड्या. झाड येगळं." उत्तर नसलं की वेगळं आहे म्हणायचं, ही आमच्या घराची पद्धत आहे, नवऱ्यातही ती उतरली आहे.

काड्या लावून आठवडा झाला आणि मला ताप भरला. साधा नाही, हाडं मोडणारा. मी इंदिरानगरला अंथरुणात, आणि मामा म्हणाले, मी राहतो रानात. शेडला लागून खोली होती, मावशीच्या घरून डबा यायचा. रोज संध्याकाळी फोन. "तू बरी हाय का? इकडची काळजी करू नको. पाणी टायमावर देतो." फोनवर त्यांचा आवाज असा खणखणीत, की मी अंगात ताप असताना नवऱ्याला ऐकवलं, बघ, म्हातारा कसा उभा राहिला. नवरा म्हणाला, तू आधी उभी राहा.

बरी होऊन गेले तर काड्यांनी वर झेप घेतलेली. अर्ध्या बोटाएवढे शेंडे आले होते, ते चांगले वीतभर झालेले. मामा बोगद्याच्या तोंडाशी उभे, हात मागे बांधून, माझ्याकडे बघत. मी ओरडलेच, "अहो, हे काय! इतक्या दिवसांत!" मामा असं हसले, की सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आज सूर्य कुठून उगवला. मावशीही तोंडाला पदर लावून हसत होती. मी मूर्खासारखी आनंदात होते.

नंतरच्या आठवड्यात शेंडे पिवळट पडायला लागले. लांब झाले आणि माना टाकायला लागले, मांडव न मिळालेल्या वालाच्या वेलासारखे. मुळी धरलेली काडी हलकेच ओढली तर हाताला विरोध करते. एवढ्या दिवसांत तो विरोध लागायलाच हवा. मी एक काडी दोन बोटांत धरली आणि ओढली. ती सरळ हातात आली. खालचं टोक जसं लावलं होतं तसंच, थोडं काळसर, मुळीचा मागमूस नाही. दुसरी ओढली. शेजारच्या ओळीतली. पलीकडच्या ट्रेमधली. सगळ्या येत गेल्या.

मी तिथेच ओल्या मातीत बसले. पाडवा तोंडावर आलेला. मी मोठ्यानं सगळ्यांना दोष द्यायला सुरुवात केली: पावडर जुनी असेल, उन्हाने भट्टी झाली असेल, पाणी जास्त झालं असेल, कंपनीची आईझाडंच रोगट असतील. नाचता येईना अंगण वाकडं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. मामा दोन हात अंतरावर उभे होते. त्यांनी माझ्या हातातली एक काडी घेतली, तिचं टोक बराच वेळ बघितलं आणि परत दिली.

मावशीला राहवलं नाही. "पण वहिनी," ती म्हणाली, "डिपिंग करूनबी असं कसं झालं?"

"कसलं डिपिंग?"

"जीएचं. आबांनी केलं ना, तुम्ही आजारी होत्या तव्हा. मी कप धरायचे, आबा एकेक शेंडा बुडवायचे. दोन दिवस लागले. हात कापतोय तरी एकबी कप्पा सोडला नाय त्यांनी."

मला सगळं एकदम कळलं. जीए ही पूड द्राक्षवाल्यांच्या घरात मिठासारखी असते. ज्वारीएवढा मणी लांबवायचा, फुगवायचा, तर कपात तिचं पाणी घेऊन घड न् घड त्यात बुडवायचा. याला डिपिंग म्हणतात. बागेच्या शेवटच्या हंगामातली पूड शेडमध्ये राहिलेली होती. द्राक्षवाल्याला वाटतं जीए म्हणजे वाढ. बरोबरच आहे; शेंडा ती वाढवतेच. पण जी काडी अजून मुळीशिवाय आहे, तिला जीए दिली की ती सगळं बळ वर ओढते, आणि खाली मुळी फुटायची ती फुटत नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मामांना कुणी शिकवायचा प्रश्न नव्हता, त्यांच्या वेलांना त्याची गरजच पडली नव्हती. ही चूक पुण्याचा माणूस करू शकला नसता, मनमाडचाही नाही. त्यासाठी दिंडोरीचाच बागायतदार लागतो. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

पण हा समंजसपणा आत्ताचा. तेव्हा मी फुटले. "मामा, कुणाला विचारून केलंत? एक फोन करायचा होता! रोज फोन करत होता ना?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "चुकलं," म्हणाले. "काड्या लय मलूल दिसत होत्या. म्हणलं, तू तापातून उठून येशील, आल्यावर तुला हिरवं दिसावं."

"हिरवं कुठलं? पिवळं झालंय सगळं!" मी म्हणाले, आणि शेडमागे जाऊन कंपनीच्या माणसाला फोन लावला.

मी त्याला खरं ते सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही. मग त्याने विचारलं, आईझाडं शाबूत आहेत ना? मी म्हटलं, आहेत, फुटवेही भरपूर आहेत. मग म्हणाला, माझे वडीलपण द्राक्षवाले होते, त्यांनी एकदा घरच्या गुलाबाला जीए दिली होती. पाडव्याला नको, जूनच्या आत एकदा येऊन बघतो. पण ही शेवटची संधी, तेवढं लक्षात ठेवा.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे. दुसरी खेप लागली. त्या रोपवाटिकेतली झाडं आता चार-पाच गावांच्या माळांवर उभी आहेत, काही एकदा तोडून पुन्हा फुटलीसुद्धा आहेत. मामा मुद्दाम ते फुटवे बघायला जातात. दोन चांगले ठेवून बाकीचे खुडायला सांगतात, वेलाचं करायचे तसंच. त्यांना अजूनही ते जाळायची झाडंच म्हणतात, पण घरातल्या एखाद्या पोराला वेड्या म्हणावं तशा आवाजात.

मला सांगायचं आहे ते त्या फोननंतरच्या संध्याकाळचं.

मी स्कूटी सुरू केली आणि मामा मागे बसले. मी जोरात चालवत होते. बागा दोन्ही बाजूंनी गेल्या, मागून एकाही बागेबद्दल शब्द आला नाही. म्हसरूळ यायच्या थोडं आधी ते म्हणाले, "पोरी, हळू घे जरा."

मी हळू केली.

"उद्यापास्नं मला घरीच ठिव," ते म्हणाले. "माझ्यानं नुसकान होतंय. तू अन् मावशी कराल बरोबर."

"म्हणजे परत गॅलरीत जाऊन बसणार?" मी पुढे बघतच ओरडले. "अजिबात नाही. हे सगळं मी कुणासाठी मांडलंय असं वाटतं तुम्हाला? तुमच्यासाठी मांडलंय. तुम्ही जेवत नव्हता, बोलत नव्हता. मला ते बघवत नव्हतं."

मला वाटलं, फार बोलले. मग ते म्हणाले, "माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

"मी तर तुझ्यासाठी येत होतो."

मला वाटलं वाऱ्याने मला नीट ऐकू आलं नाही. मी आणखी हळू केली.

"तुझी नोकरी गेली, नात पुण्याला गेली," मामा माझ्या पाठीशी बोलत होते. समोरासमोर असते तर बोललेच नसते. "सकाळी पोरगा कामावर गेला का तू आतल्या खोलीत जायची. नळ सोडून रडायची. दोन खोल्यांचं घर, मला काय ऐकू येत नव्हतं? अन् सासऱ्यापुढं सुनंनं रडायचं तरी कसं? मी आत आलो का तू डोळे पुसून उठायची, च्या टाकायची. म्हणून मी आपला भायेर तोंड करून बसायचो. तुला मोकळं रडता यावं म्हणून."

मी आरशात बघितलं. त्यांचं हेल्मेट बाजूच्या बागेकडे वळलेलं होतं.

"भाकरी जास्त मागितली, तर तू उठून परत गॅस पेटवायची. तुझ्या अंगात तेवढंबी बळ राहिलं नव्हतं. म्हणून अर्धीच बरी. मग तू म्हणली, रोपं करायची. म्हणलं, जाळायची तर जाळायची, ही भायेर तर पडंल. ह्या वयात मला निलगिरी काय करायचीय? पण ती रोपं मेली असती तर तू परत त्या खोलीत गेली असती. ते नको होतं मला. म्हणून केलं डिपिंग."

मी स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली. स्टँड लावला, हेल्मेट काढलं आणि रडायला लागले. नळ नव्हता, दार नव्हतं. दिंडोरी रोडवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मी माहेरच्या आवाजात रडले. ज्याला मी जगवायला निघाले होते, तो माणूस इतके महिने मलाच सांभाळत होता, आणि मी त्याच्या भाकऱ्या मोजत होते. माझ्या सख्ख्या वडिलांनीही माझी अशी राखण केली नव्हती, आणि ते काही वाईट माणूस नव्हते. मला मामांवर इतकी माया आली की ती कुठे ठेवावी ते कळेना.

द्राक्षाच्या क्रेटांनी भरलेली एक पिकअप आमच्यापुढे जाऊन थांबली. गावचाच कुणीतरी होता. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याने विचारलं, "काय झालं आबा? गाडी बंद पडली का?"

"नाय रे, गाडी बरी हाय," मामा म्हणाले. "सूनबाई रडतीय जरा. रडू दे तिला. तू जा पुढं."

पिकअप गेली. मामा तिथेच रस्त्याकडेला उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून, माझं रडून होईपर्यंत.